भूप की देशकार, ते नंतर बघू

शास्त्रीय संगीत ऐकायला आधी काय यावं लागतं?

आमच्याकडे नवीन कुणी आलं की पहिल्या अर्ध्या तासात हा प्रश्न येतोच. आम्ही म्हणजे वर्ध्यातले सात-आठ जण. दर रविवारी संध्याकाळी एकाच्या घरची पुढची खोली, सतरंजी, एक बरा स्पीकर आणि चहा. एखादं रेकॉर्डिंग लावायचं, मधे न बोलता पूर्ण ऐकायचं, मग गप्पा. आमच्यात गाणारं कुणीच नाही. एक जण बँकेत आहे, एकाचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, दोघी शिक्षिका आहेत. अशा माणसांसाठी मराठीत एक छान शब्द आहे : कानसेन. तानसेन होणं जमलं नाही, तर निदान कानसेन व्हावं.

पण कानसेनांच्या खोलीत शिरणं वाटतं तितकं सोपं नसतं. गेल्या पावसाळ्यात नर्सिंग शिकणारी एक मुलगी आली होती. रीलवर किशोरी आमोणकरांच्या भूपाचा छोटासा तुकडा ऐकून तिला पूर्ण गाणं ऐकायचं होतं. आम्ही तेच लावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘‘मले समजलं काहीच नाही, पण खूप बरं वाटलं.’’ आमच्यातल्या एका जुन्या ऐकणाऱ्या काकांनी लगेच विचारलं, ‘‘राग कोणता होता, सांग बरं?’’ ती गप्प. ‘‘थाट वगैरे थोडं वाचून ये बेटा, मग खरी मजा येईल.’’ काकांचा हेतू वाईट नव्हता. ती मात्र पुन्हा आली नाही.

मला हे लागलं, कारण ‘हे आपलं नाही’ ही भावना माझ्या ओळखीची आहे. आमच्या भागात लहानपणी कानावर काय पडतं? तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं, भीमगीतं, लग्नातला बँड. ख्याल म्हणजे पुण्या-मुंबईच्या लोकांचं प्रकरण, असंच वाटायचं. अशा घरातून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी रागाचं नाव विचारणं म्हणजे दारात ओळखपत्र मागणं.

काकांच्या ‘थाट वाचून ये’बद्दल मी नंतर बराच विचार केला. उत्तर भारतीय रागांची दहा थाटांत मांडणी केली विष्णु नारायण भातखंडे यांनी. हे गृहस्थ पेशानं वकील. १८८४ मध्ये, शिक्षण चालू असताना, ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जायला लागले. पारशी संगीतप्रेमींनी १८७० मध्ये काढलेली ही संस्था. तिथे मोठमोठ्या गायकांना त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलं, बंदिशी शिकून घेतल्या, पुढे देशभर फिरले. या सगळ्यानंतर थाट आले. म्हणजे ज्यांनी पुस्तक लिहिलं, त्यांनीही आधी गाणंच ऐकलं होतं.

गंमत अशी, की त्या मुलीनं ऐकलेल्या भूपापुढे थाट वाचून फारसा उपयोगही झाला नसता. भूपात पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. देशकार रागातही नेमके हेच पाच. पुस्तकात भूप कल्याण थाटात आहे, देशकार बिलावल थाटात. या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा. आणि मध्यम तर या दोन्ही रागांत नाहीच! मग वेगळेपण येतं कुठून? भूप गंधारावर रेंगाळतो, संथपणे खालच्या आणि मधल्या स्वरांत फिरतो. तो रात्रीच्या सुरुवातीचा. देशकार सकाळचा, तो धैवताला धरून वरच्या बाजूला खेळतो. हे वाचून डोक्यात शिरतं, पण कानाला कळत नाही. त्यासाठी दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. ‘भाभी की चूडियाँ’मधलं सुधीर फडक्यांचं ‘ज्योति कलश छलके’ तुम्ही ऐकलं असेल. त्याला कुणी भूप म्हणतं, कुणी देशकार. जाणकारांचं जिथे एकमत नाही, तिथे नवख्याची तोंडी परीक्षा कशाला?

आणि आमच्या जिल्ह्यात तर परीक्षा न घेता राग कानावर घालायची जुनी रीत आहे. वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आश्रमाच्या प्रार्थनेची आश्रम भजनावली त्याआधीच साबरमतीला तयार झाली होती. तिच्यामागे नारायण मोरेश्वर खरे होते, विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. तिच्यात भजनांवर राग आणि ताल छापलेले असतात. ज्याला कळतं त्यानं ते वाचावं. ज्याला कळत नाही त्यानं नुसतं गावं. प्रार्थनेला बसायला स्वरज्ञानाची अट कधीच नव्हती.

‘आपलं नाही’ म्हणणाऱ्यांना मी दोन नावं सांगतो. ‘मी वसंतराव’ हा सिनेमा ज्यांच्यावर आहे ते वसंतराव देशपांडे मूळचे अकोला जिल्ह्यातले, नागपुरात वाढलेले. गाणं सांभाळून त्यांनी वर्षानुवर्षं सरकारी नोकरी केली. आणि ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा या तिन्ही घराण्यांचं गाणं आत्मसात केलेले उल्हास कशाळकर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याचे. म्हणजे हे घर आपल्या गल्लीपासून फार लांब नाही.

हिंगणघाटहून एक मुलगा आता आमच्याकडे येतो. गावच्या भजनी मंडळात तो खंजिरी वाजवतो. तिसऱ्या रविवारी विलंबित एकताल चालू होता. बारा मात्रांचं एक आवर्तन, इतकं संथ की नवख्याला ताल आहे हेच कळू नये. गायिका मुखड्याला आली आणि या मुलाचा हात मांडीवर नेमका समेवर पडला. ‘सम’ हा शब्द त्यानं तोपर्यंत ऐकला नव्हता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, म्हणाले काहीच नाही, फक्त आपला चहा त्याच्यापुढे सरकवला.

आता आमच्याकडे एकच नियम आहे. रागाचं नाव कुणी विचारलं तर आनंदानं सांगायचं, पण नवीन माणसाला ते विचारायचं नाही. माहितीनं मजा वाढते, हे काकांचं म्हणणं खरंच आहे. पण वाढायला ती आधी असावी लागते.

तुम्ही एकटे ऐकत असाल, तर एवढंच करून पाहा. एकच राग घ्या, आठवडाभर तोच, दोन-तीन वेगवेगळ्या गायकांचा. फोन उलटा ठेवा. मुखडा पुन्हा कुठे येऊन टेकतो, तेवढं शोधा. तो सापडला की मान आपोआप हलते.

त्या नर्सिंगवाल्या मुलीचा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तिच्या कॉलेजातली कुणी हे वाचत असेल, तर तिला सांगा : आम्ही अजूनही रविवारी सहाला बसतो, आणि वाचून यायची गरज नाही.