कालीपूरच्या वाळूवर

अंदमानला जाणारा महाराष्ट्रीय प्रवासी बहुधा सेल्युलर जेलचे दर्शन घेऊन, जवळची एक-दोन बेटे पाहून परततो. गेल्या जानेवारीत आम्ही मात्र श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथून थेट उत्तर अंदमानातील दिगलीपूरला जाण्याचे ठरवले. अंतर सुमारे ३०० किलोमीटर. वाटेत जारवा आदिवासींचे राखीव अरण्य लागते. तेथून वाहने ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात. थांबण्यास आणि छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई असते. पहाटे निघालेले आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता.

दिगलीपूरपासून वीसएक किलोमीटरवर कालीपूरचा किनारा आहे. मागे ७३२ मीटर उंचीचे सॅडल पीक, हे अंदमानातील सर्वोच्च शिखर. त्याच्या उतारावरचे अरण्य वाळूपर्यंत आलेले. वाळू पांढरीशुभ्र नाही, करडी-काळसर आहे. ना दुकाने, ना गर्दी. लाटांच्या आवाजाखेरीज कानावर काही येत नाही.

आपल्या कुटुंबांसाठी एक सूचना येथेच करतो. ही बेटे बरीच पूर्वेला असूनही घड्याळ आपलेच चालते. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्यांनी साडेचारलाच पाने मांडावीत. दशम्या, खाकरे आणि मूगडाळ आम्ही घरूनच नेली होती. आईचा नियम एकही दिवस मोडला नाही.

जगातील समुद्री कासवांच्या सात जातींपैकी चार जाती या एकाच किनाऱ्यावर अंडी घालण्यास येतात: ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल आणि प्रचंड आकाराचे लेदरबॅक. ते पाहण्यासाठी आम्ही रात्री वाळूवर बसलो. रखवालदाराने आधीच बजावले होते, ‘उजेड नको, आवाज नको.’

बऱ्याच वेळाने लाटेतून एक काळा आकार वर सरकला. थोडे चालावे, थांबावे, पुन्हा चालावे, असे ते जड कासव आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर आले. हे दृश्य दुकानातल्या मंडळींना दाखवावे म्हणून मी मोबाईल काढला. पडदा उजळला, क्षणभरच. कासव थबकले. मग सावकाश वळले आणि अंडी न घालताच पाण्यात परत गेले.

रखवालदार रागावला नाही. ‘बिचकले की अशी परततात. पुन्हा येईल कुठेतरी,’ एवढेच म्हणाला. माझी मुलगी मात्र हळूच बोलली, ‘बाबा, आपण पाणी गाळून पितो ना?’ मला उत्तर सुचले नाही. आई काही बोलली नाही. त्या रात्री तिचे सामायिक नेहमीपेक्षा लांबले.

पहाटे वन विभागाच्या कुंपणातील घरट्यांकडे गेलो. कुत्री व इतर प्राणी अंडी उकरू नयेत म्हणून ती किनाऱ्यावरून उचलून येथे पुरतात. ऑलिव्ह रिडलेच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्ले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. त्या दिवशी काही पिल्ले निघाली होती. ती पाण्यात न टाकता काठापासून थोडी दूर ठेवली. उरलेले अंतर ती स्वतः चालली. मोठ्या झालेल्या माद्या अंडी घालायला बहुधा आपल्या जन्मस्थानाच्या परिसरातच परततात. तळहातात मावणारा तो जीव लाटेने दोनदा मागे लोटला, तिसऱ्यांदा दिसेनासा झाला. मी हात जोडले आणि मनोमन रात्रीची क्षमा मागितली.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही पैठणला गेलो. भगवान मुनिसुव्रतनाथांची तेथील मूर्ती वालुकामय आहे, असे परंपरा सांगते. विसाव्या तीर्थंकरांचे लांछन कासव, हे पाठशाळेपासून पाठ होते. लहानपणापासून कितीदा येथे आलो, पण त्या लांछनासमोर मान इतकी खाली कधी गेली नव्हती.

आपल्यापैकी कोणी कालीपूरला जाणार असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रखवालदाराला विचारल्याशिवाय वाळूवर उतरू नये. आणि रात्री मोबाईल खोलीतच ठेवून जावे.