बॅटरी गेली?

गाडी चालू झाली नाही की आपल्याकडे निदान ठरलेलं, ‘बॅटरी गेली!’ बाबांची जुनी व्हॅन अंबरनाथमध्ये शाळेची मुलं नेते. ती बंद, तर त्या दिवसाची कमाई बंद. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी ना हॉर्न, ना लाइट, ना स्टार्टरचा आवाज. उल्हासनगरचा मेकॅनिक फोनवरच म्हणाला, ‘‘नवीन घ्या.’’

मी आधी मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या टर्मिनलवर १२.६ व्होल्ट, म्हणजे चार्ज पूर्ण! मग हेडलाइटचा स्विच दाबून परत मोजलं. टर्मिनलवर जवळपास तेवढेच, पण वायरच्या क्लॅम्पवर जेमतेम २! बाकीचे मधल्या पांढऱ्या-हिरव्या थरानेच खाल्ले. हाच रेझिस्टन्स. मराठीत त्याला ‘रोध’ म्हणतात, हे आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना कॉलेजात कळतं. स्टार्टरने १०० अँपिअर ओढले, तर ०.०५ ओहमचा रोधसुद्धा ५ व्होल्ट गिळतो.

उपाय सोपा. आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढायचा, म्हणजे पाना बॉडीला लागून शॉर्ट होत नाही. खाण्याच्या सोड्याचं कोमट पाणी, पॉलिश पेपर, कोरडं फडकं. जोडताना निगेटिव्ह शेवटी. व्हॅन एका सेल्फमध्ये सुरू झाली. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘चल सरक, पोरं वाट बघतायत.’’

मात्र बदलापूरकरांनो, जुलै २०१९ सारखं उल्हास नदीचं पाणी गाडीत शिरलं असेल, तर किल्ली फिरवूच नका. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे मल्टिमीटर नको, मेकॅनिकच हवा!