गिरणीमालकाची मुलगी आणि हातमाग

लिओनोरा कॅरिंग्टनचा जन्म १९१७चा, लँकेशायरमधला. घर कापडगिरणीच्या मालकाचं. लँकेशायर म्हटलं की आपल्याला विलायती कापडाच्या होळ्याच आठवायच्या. १९३०च्या डिसेंबरात काळबादेवीत बाबू गेनू विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला, तेव्हा ही १३ वर्षांची होती. पुढे तिनं वडिलांच्या घराकडे पाठ फिरवली, पॅरिसच्या अतिवास्तववादी चित्रकारांत गेली, युद्धकाळात स्पेनमधल्या मनोरुग्णालयात कोंडली गेली आणि शेवटी मेक्सिकोत स्थिरावली. ही हकिगत अनेकांनी सांगितली आहे. मला कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. गिरणीच्या पैशावर वाढलेल्या या बाईनं मेक्सिकोत हातमाग जवळ केला. चिकोंक्वाक हे लोकर विणणाऱ्यांचं गाव. तिथल्या रोसालेस या विणकर कुटुंबाकडून तिनं टॅपेस्ट्री विणून घेतल्या.

खरं तर अतिवास्तववादाचं आणि मागाचं जमू नये. आंद्रे ब्रेताँचा १९२४चा जाहीरनामा सांगत होता की बुद्धीचा पहारा उठवा, मनातलं येईल तसं येऊ द्या. मागावर असं काही आपसूक येत नाही. आधी ताणा भरायचा, मग प्रत्येक रंगाचा धागा वेगळा घेऊन त्या रंगाची हद्द संपते तिथून माघारी फिरवायचा. पैठणीचा पदर याच रीतीनं विणतात. ओळीवर ओळ चढत जाते. खालचं चुकलं तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. स्वप्न मोजूनमापून भरायचं, तेही दुसऱ्याच्या हातांनी!

त्यात कॅरिंग्टनचा हात बारीक कामाचा. अंड्याच्या बलकात रंग कालवून ती केसाएवढ्या रेषा ओढायची. जाड लोकरीला ती नजाकत कुठून पेलणार? तिरकी रेघ पायऱ्यापायऱ्यांनी चढते, वळण बोथट होतं. पण तिच्या त्या निम्म्या माणूस, निम्म्या जनावर आकृत्यांना हे मानवतं, असं माझं मत. चित्रात त्या विरळ, भुतासारख्या असतात. लोकरीत त्यांना वजन येतं.

या वजनाचं श्रेय मी विणकराला देईन. कुठला बारकावा सोडायचा, हे मागावर बसलेल्यालाच ठरवावं लागतं. कॅरिंग्टनची मैत्रीण रेमेदिओस वारो हिचं १९६१चं एक चित्र आहे. मनोऱ्यात कोंडलेल्या मुली हुकमाबरहुकूम पृथ्वीचं वस्त्र भरताहेत, आणि त्यातल्या एकीनं त्याच कापडाच्या घडीत आपल्या प्रियकराची भेट गुपचूप भरून ठेवली आहे. कॅरिंग्टनच्या टॅपेस्ट्री पाहताना मी तशी घडी शोधते: एखादा रंग, जो बाईंनी सांगितलेलाच नसेल.