अंगण आमचे, मोटार त्यांची

मालकी ही मोठी गमतीची गोष्ट आहे. कागदावर ती जितकी ठणठणीत असते, तितकी व्यवहारात असेलच असे नाही. आमच्या घरापुढचे अंगण अर्ध्या गुंठ्याचे, म्हणजे सुमारे ५४५ चौरस फुटांचे. प्रॉपर्टी कार्डावर आजीचे नाव आहे, सिटी सर्व्हेच्या नकाशात हद्द ठळक आहे. घरपट्टी आम्ही भरतो आणि पारिजातकाचा सडाही आम्हीच झाडतो. तरीसुद्धा गेली काही वर्षे त्या अंगणात काय उभे राहायचे, हे मात्र आम्ही ठरवत नव्हतो.

अतिक्रमण म्हटले की डोळ्यांपुढे दांडगाई येते. अंगणावरचे अतिक्रमण मात्र हसतमुख असते. ते "पाचच मिनिटं हं!" असे म्हणत येते. आमच्या कोपऱ्यावर एक मंगल कार्यालय आहे. लग्नसराईत मुहूर्त दुसऱ्यांचा असला, तरी मोटारी आमच्या दारात! हे पाहुणे निदान जेवणावळ उठली की जात. शेजारच्या काकांची मोटार मात्र राहिली. आधी ती पावसाळ्यापुरती आली, मग रोज रात्री येऊ लागली. एके दिवशी तिच्यावर कापडाचे आच्छादन चढले आणि ती पाहुणी न उरता घरचीच झाली.

बाबा भिडस्त. "मोटारच तर आहे, खाते का पिते?" असे ते म्हणत. पण मोटार खाते, जागा खाते. चैत्र-वैशाखात आजी अंगणात बाज टाकून कुरडया, सांडगे, पापड वाळत घाली. जागा गेली तेव्हा वाळवण गच्चीवर गेले. आजीच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. वाळवण वर आणि ती खाली, असे दोन उन्हाळे गेले. तिने तक्रार केली नाही. फक्त कुरडयांचा घाट दरवर्षी थोडा थोडा कमी होत गेला.

मग एका रात्री तिला दम्याचा झटका आला. मी रिक्षा आणली. पण कार्यालयातल्या दोन मोटारी फाटकाशी आडव्या आणि काकांची आत. रिक्षा रस्त्यावरच थांबली. बाबांनी आणि मी आजीला वेताच्या खुर्चीत बसवले आणि मोटारींच्या फटीतून, अंग चोरत, उचलून नेले. आपल्याच अंगणातून वाट काढताना "जरा सरका" म्हणायला समोर माणूसही नव्हता. नुसते पत्रे होते. आजी बरी होऊन घरी आली, पण बाबांची भीड त्या रात्री संपली.

आमच्या चुलतभावाचे मत सरळ होते : चाकांतली हवा सोडायची. आजीने त्याला तिथेच अडवले. वकीलकाकांनीही तेच सांगितले. "दुसऱ्याच्या वस्तूची नासधूस केलीत, तर तक्रारदार तो आणि आरोपी तुम्ही." वाहतूक पोलीस सभ्यपणे म्हणाले, "आमची उचलगाडी रस्त्यावरची. ही तुमची खाजगी जागा." खरेच होते ते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील बेवारस गाडी हलवण्याची तरतूद मुख्यतः सार्वजनिक जागेसाठी आहे. म्हणजे जागा सरकारची असती, तर गाडी लवकर निघाली असती!

मग फौजदारी अतिक्रमण? १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंडसंहितेऐवजी भारतीय न्याय संहिता आली. पण या गुन्ह्याची व्याख्या फारशी बदलली नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. काकांचा हेतू तर फक्त मोटार सावलीत ठेवण्याचा! उरला दिवाणी दावा आणि मनाईहुकूम. तो मार्ग पक्का, पण लांबचा.

मात्र बोलता बोलता वकीलकाकांनी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनातून जात नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, दुसऱ्याच्या जमिनीवरचा एखादा वापर कोणी वीस वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने करीत राहिला, तर त्यातून अधिकार उभा राहू शकतो. नुसत्या गाडी लावण्यातून तो सिद्ध करणे सोपे नाही. पण दार उघडे कशाला ठेवायचे? आणि हे दार बंद कशाने होते? नकाराने तर होतेच, पण परवानगीनेही होते! "लाव, मी सांगेपर्यंत लाव," असे म्हटले की तो वापर हक्काचा राहत नाही. आपल्या मर्जीचा होतो आणि ती मर्जी सहसा परत घेता येते. जो मनात धुमसतो आणि तोंडाने गप्प बसतो, धोका त्याला अधिक.

आजीला हे कायद्यावाचून कळले असावे. काका लहानपणी आमच्याच अंगणात गोट्या खेळलेले. तिने त्यांना बोलावले, चहा दिला आणि म्हणाली, "हे बघ बाबा, रात्री गाडी लाव, सकाळी सातला काढ. वाळवणाच्या दिवसांत लावायची नाही. आणि फाटकापासून दारापर्यंतची वाट कधी अडवायची नाही." बाबांनी ते कागदावर लिहिले, खाली दोघांच्या सह्या झाल्या. काकांचा चेहरा उतरला. महिनाभर त्यांचे बोलणे "काय, बरंय ना?" एवढ्यावर आले होते. पुढे तेही निवळले. कार्यालयाच्या पाहुण्यांसाठी मात्र आम्ही दोन खांब रोवून साखळी लावली. "खाजगी जागा" अशी पाटी आधी लावून पाहिली होती; तिच्याखालीच मोटारी उभ्या राहत.

भीड आणि माणुसकी या दोन गोष्टी आपण एकच समजतो. भिडेने दिलेली जागा देणाऱ्याला सलत राहते आणि घेणाऱ्याला ती दिल्याचे कळतही नाही. काकांची मोटार आजही रात्री आमच्या अंगणात असते. फरक इतकाच, की आता ती आम्ही ठेवू दिलेली आहे. यंदा चैत्रात बाज पुन्हा खाली आली आणि आजी तिच्या शेजारी काठी घेऊन, कावळ्यांवर खेकसत बसली होती.