विकतचे श्रोते

गजानन वाटवे यांची भावगीते गणेशोत्सवात रस्त्यावर बसून ऐकल्याचे माझे वडील सांगत. तिथे श्रोता गायकाला समोर दिसे, आणि कंटाळून उठला तर तेही दिसे. माझ्या श्रोत्यांना मात्र मी कधी पाहिले नाही.

चार वर्षांपूर्वी मी एक प्लेलिस्ट सुरू केली. कोणत्याही कंपनीच्या वा चित्रपटाच्या आधाराविना गाणी करणाऱ्या मराठी तरुणांची ही यादी. पहिल्या वर्षाअखेर तिचे श्रोते होते अकरा. त्यांतले बहुतेक आमच्या स्टाफरूममधले, आणि एक मीच, दुसऱ्या फोनवरून!

या व्यवहाराचे गणित मला माझ्या एका माजी विद्यार्थ्याने शिकवले. स्पॉटिफायवर गाणे निदान 30 सेकंद वाजले तरच ते 'ऐकले' असे मोजतात. परिणामी सुरुवातीचे वाद्यसंगीत आखडत चालले आहे. शिवाय 2024पासून, मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधनातला वाटाच मिळत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची चाल घेऊन त्याने केलेले गाणे 640वर अडले होते. "सर, हजार होतील का हो?" त्याने विचारले. त्या 'हो'मधली अजिजी मला सोसवली नाही.

श्रोते मिळवून देण्याची हमी देणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी गुपचूप पंधराशे रुपये पाठवले. आठवड्यात आकडा तीन हजारांवर गेला. विद्यार्थ्याचा फोन आला, "सर, हे लोक कोण आहेत? सगळे परदेशातल्या एकाच गावचे दिसतात!" मी म्हणालो, असेल कुणी मराठी मंडळ. विनोद म्हणूनही ते उत्तर हीन होते. पुढच्याच महिन्यात, ऐकण्याचे आकडे बनावट असल्याचे कळवून वितरकाने त्याचे गाणे काढून टाकले. खरे 640ही त्यासोबत गेले.

कुणीतरी मत्सराने हे केले, अशी त्याची समजूत होती. ती दूर करायला मला दोन महिने लागले. तो रागावला नाही. "सर, मला विचारायला हवं होतं," एवढेच म्हणाला. रागावला असता तर बरे झाले असते.

आता यादीत पंधराच गाणी आहेत. दर शुक्रवारी चारनंतर ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत साध्या स्पीकरवर त्यांतले एखादे वाजवतो, आणि ओळखीच्या पन्नासेक जणांना त्याविषयी दोन ओळी लिहून पाठवतो. ओळी माझ्याच असाव्यात, गाणे मी पुरते ऐकलेले असावे, एवढे पथ्य. श्रोते याने वाढतात, पण मुंगीच्या पावलांनी. गेल्या सहा महिन्यांत सदतीस.

विद्यार्थ्याने परवा नवे गाणे पाठवले. "यादीत एवढ्यात घालू नका सर, आधी मुलांना ऐकवा." ऐकवले. चौदा जण होते. दोघे मधूनच उठून गेले. दुसरा अंतरा लांबला, असे एका मुलीने सांगितले. तिचे शब्द मी त्याला जसेच्या तसे कळवले आहेत.