चार इंच

यंत्रांशी माझे कधी सख्य जमले नाही. घरातला मिक्सर बिघडला तर मी त्याला दोनदा थोपटून पाहते आणि तो ऐकत नाहीसे दिसले की हात जोडते. कॉलेजात ‘काव्याचे प्रयोजन’ शिकवण्यात वीस वर्षे घालवलेल्या बाईला पिकअप गाडीच्या शॉकअपचे प्रयोजन कुणी विचारील, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. पण गेल्या वर्षी ऐन भाऊबीजेच्या दिवशी तो प्रसंग माझ्यावर गुदरला, आणि भावाला ओवाळता ओवाळता मी एका घरगुती खटल्याची न्यायाधीश होऊन बसले.

खटला असा. माझा दादा दिंडोरी तालुक्यात राहतो. तीन एकर द्राक्षबाग, थोडे टोमॅटो, आणि या दोहोंना बाजाराची वाट दाखवणारी एक जुनी पिकअप, एवढा त्याचा प्रपंच. आमचा नाशिक जिल्हा म्हणजे द्राक्षांचा आणि तसाच मोटारींचाही. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या गाड्या आमच्या सातपूर-अंबडच्या अंगणात घडल्या, त्यामुळे इथल्या पोराला बाराखडीच्या आधी गिअर कळतात. माझा भाचाही त्याच पठडीतला. वय बावीस. या चिरंजीवांच्या मनाने घेतले होते की, घरची पिकअप चार इंच खाली बसवायची.

“चांगल्या उभ्या गाडीला याला गुडघ्यावर बसवायचंय!” दादा पाटावरूनच कडाडला.

“बाबा, दिसते कशी ते तर बघा!” असे म्हणून चिरंजीवांनी फोन पुढे केला. त्यात अमेरिकेतल्या पिकअप होत्या, जमिनीला जवळजवळ पोट टेकवून चाललेल्या. मला त्या दडून बसलेल्या मांजरांसारख्या वाटल्या. वहिनी काहीच बोलली नाही. ती करंज्यांचे ताट घेऊन आत गेली.

शेवटी दादाने नेहमीचा मार्ग काढला. “तुझी आत्या हो म्हणाली तर कर. ती शिकलेली आहे.”

शिकलेल्या माणसाची ही एक पंचाईत असते. त्याला काही येत नाही हे त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नसते. मग अब्रू राखण्यासाठी मी दोन रात्री वाचत बसले. गाडी खाली बसवण्याची ही हौस दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात लॉस एंजेलिसकडच्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांत फोफावली. जुन्या गाड्या घ्यायच्या, मागे वाळूची पोती भरायची किंवा स्प्रिंगच कापायच्या, आणि रविवारी संध्याकाळी रस्त्यातून हळूहळू मिरवायचे. सरकारच्या डोळ्यांत ते खुपले. 1958 सालापासून कॅलिफोर्नियात असा कायदा आला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिंगेच्या खाली जाता कामा नये. तेव्हा 1959 साली रॉन अगीरे नावाच्या तरुणाने गाडीला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली. पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली! तो कायदा तिथे पुसला जायला 2024 साल उजाडावे लागले. वाचून मला त्या पोरांचे कौतुक वाटले. श्रीमंतांच्या गाड्या भुरकन निघून जातात. आम्ही सावकाश जाऊ, पण तुम्हांला आमच्याकडे बघायला लावू, असा तो बाणा होता. मात्र एक गोष्ट लक्षात आली. त्या गाड्यांना मिरवायचे होते, वाहायचे नव्हते.

पुढल्या रविवारी भाचा मला द्वारकेपलीकडच्या एका गॅरेजात घेऊन गेला. तिथले मिस्त्री सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हटले. त्यांनी माझ्यासाठी एक स्टूल फडक्याने पुसले, चहा मागवला, आणि भाच्याला एकच प्रश्न केला.

“माल किती भरतो?”

“साठ-पासष्ट क्रेट. वीस-वीस किलोचे.”

“म्हणजे सव्वा टन. आणि गाडी बसवायची चार इंच.” चाचांनी मान हलवली. “या खाली, दाखवतो.”

साडी सावरत मी वाकून पाहिले. मागच्या आसाला दोन्हीकडे पोलादी पट्ट्यांची चवड बांधलेली होती. सर्वांत लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, आणि साऱ्यांच्या मधून एक बोल्ट. यांना गॅरेजात पाटे म्हणतात. गाडीचे ओझे या पाट्यांवर. वजन वाढेल त्या मानाने ते वाकतात; दुप्पट वजनाला दुप्पट. हा नियम रॉबर्ट हूकने सांगितला, पण 1676 साली त्याने तो छापला तो अक्षरांची उलथापालथ करून, कोड्याच्या रूपात. उत्तर दिले 1678 साली. एवढ्या सरळ गोष्टीचे कोडे करणारा हा गृहस्थ मला आमच्या मराठी विभागातलाच वाटला.

पण पाट्यात एक खोड आहे. तो घेतलेले सारे परत करतो. खड्ड्यात दबला की उसळतो, उसळला की पुन्हा दबतो. त्याला आवरायला शेजारी शॉकअप असतो. एक नळकांडे, त्यात तेल, आणि तेलातून वरखाली होणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल त्यांतून सहजासहजी जात नाही, आणि या ओढाताणीत उसळीचा जोर उष्णता होऊन विरून जातो. “खड्ड्यांच्या रस्त्यानं दोन तास आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावा मॅडम,” चाचा म्हणाले, “गरम लागेल. तेवढा मार त्यानं गिळलेला असतो.”

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हणजे ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर’ हे नावच चुकीचे! धक्का सोसतो तो पाटा. शॉकअप सोसतो तो धक्क्यानंतरचा हादरा. आपल्या भाषेने हे दोन शब्द किती नेमके वेगळे ठेवले आहेत! धक्का बाहेरून येतो आणि एका क्षणात संपतो. हादरा आत राहतो आणि घुमत बसतो. मी हे मोठ्या उत्साहाने चाचांना सांगितले. त्यांनी ते आदराने ऐकून घेतले आणि टेप काढला.

“हे बघा. शॉकअपच्या वरच्या डोळ्यापासून खालच्या डोळ्यापर्यंतचं माप. गाडी चार इंच बसवली की हा शॉकअप उभ्या गाडीतच चार इंच मिटलेला राहणार. मग लहान खड्डा आला तरी दट्ट्या बुडाला आपटणार. म्हणून आखूड शॉकअप घ्यावा लागतो. पण फार आखूड घेतला तर चाक खड्ड्यात लोंबलं की तो ताणून तुटणार. पाटा पुरता दबला तेव्हाचं माप आणि चाक पुरतं लोंबलं तेव्हाचं माप, ही दोन्ही घ्यायची आणि दोहोंत बसेल असा निवडायचा. नुसतं दुकानात जाऊन ‘भारीतला द्या’ म्हणून होत नाही.”

“आणि कडक घ्यायचा की नरम?” भाच्याने विचारले.

“ते पाट्यावर. गाडी खाली आली म्हणजे पाट्याला दबायला जागा कमी. मग पाटा कडक हवा, नाहीतर भरलेली गाडी आतल्या रबरी गुटक्यावर आपटत जाईल. पाटा कडक, की उसळी जोरात. म्हणून शॉकअप तिला आवरणारा हवा. दबताना जरा सैल आणि उघडताना घट्ट, असा. पण असली गाडी रिकामी आली की दगडासारखी चालते.” चाचा थांबले. “आणि द्राक्षं भरून गेली, तर मणी गळतात.”

भाचा गप्प झाला. हे मला कळण्याजोगे होते. घड वरून टवटवीत, आणि क्रेट उचलला की तळाशी मण्यांचा सडा. व्यापारी क्रेट हलवून बघतो आणि भाव पाडतो. वर्षभराची छाटणी, फवारणी, रात्रीचे पाणी, सारे त्या एका हलवण्यात मोजले जाते.

खाली बसवायचे मार्गही चाचांनी सांगितले. एखादा पाटा काढून टाकायचा. मग सव्वा टन उरलेल्यांनी वाहायचा. किंवा पाटे तापवून-ठोकून त्यांची कमान उतरवायची. त्यात पोलादाचे पाणी गेले तर पाटा केव्हा दगा देईल सांगता येत नाही. किंवा आस पाट्याच्या खालून काढून वर बांधायचा. मग तो चासीला आपटू नये म्हणून चासीलाच खाच पाडायची. “आणि हे करून पासिंगला गेलात तर साहेब गाडी परत पाठवणार,” ते म्हणाले. यात अतिशयोक्ती नव्हती. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने गाडीच्या मूळ घडणीत मन मानेल तसा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपयांपर्यंत दंड, शिवाय कैदेचीही तरतूद झाली आहे. मालवाहू गाडीला तर ठराविक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावाच लागतो.

मग त्यांनी मागच्या आसाजवळची एक बारीक दांडी दाखवली. काही गाड्यांना ती असते. ओझ्याने हौदा खाली आला की ही दांडी कलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त जोर मिळतो. गाडी रिकामी असली की कमी. “गाडी बसवलीत की ही दांडी फसते. तिला वाटतं, माल भरलाय. रिकाम्या गाडीला भरलेल्या गाडीचा ब्रेक लागला, की पावसात मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते.”

ती दांडी माझ्या डोळ्यांपुढून जाईना. उंची बघून ओझे ओळखणारे हे यंत्र! माणसांच्या बाबतीत आपणही तेच करतो. जो वाकलेला दिसतो त्याला विचारतो, ‘फार ओझे आहे का?’ जो ताठ उभा असतो त्याला विचारीत नाही. मी एम. ए. करीत होते तेव्हा दादा दर महिन्याला पैसे पाठवी. त्या वर्षांत पाऊस किती झाला, बागेचे काय झाले, हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते. तो वाकलेला दिसला नव्हता ना!

“पण बेटा,” चाचांनी एकदम विचारले, “चार इंचच का? शौकीन पोरं येतात ती म्हणतात, होईल तेवढी बसवा. तू मोजून आलास.”

भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे. “आईचा खांदा धरलाय,” तो म्हणाला. “हात वर जात नाही. मजूर मिळत नाहीत, म्हणून तीच क्रेट देते हौद्यात. मी मोजलं. चार इंच खाली आलं तर तिला खांदा उचलावा लागत नाही.”

“मग घरी हे का नाही सांगितलंस?”

“आईनं शपथ घातलीये. बाबांना कळलं तर ते तिला हात लावू देणार नाहीत आणि स्वतः दोघांचं काम करतील. त्यांची कंबर तरी कुठं धड आहे?”

करंज्यांचे ताट घेऊन वहिनी आत का गेली, ते मला आत्ता कळले. ताट तिने डाव्या हातात धरले होते.

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग चाचा म्हणाले, “गाडी खाली कशाला आणतोस? माल वर आण. शेडपुढं एक ओटा बांध, हौद्याच्या उंचीचा. मागं मातीचा उतार कर. हातगाडीवर क्रेट आणायचे, उतारावरून वर न्यायचे आणि सरळ आत सरकवायचे. उचलायचं कामच नाही.”

चाळीस वर्षे गाड्यांखाली काढलेल्या माणसाने, गाडीला हात न लावता, सारा प्रश्न सोडवला. त्याने त्याला चार पैसेही मिळणार नव्हते. मग त्यांनी भाच्याला हौद्यातून खाली उडी मारायला लावली. गाडीचे बूड तीन-चार वेळा डुलले. “एकदा डुलून थांबायला हवं. शॉकअप संपलेत. तेलही गळतंय बघा. आणि एका पाट्याला चीर आहे.” तेवढे मात्र बदलून घेतले. कंपनीच्या मापाचे, ना आखूड ना भारीतले. त्याचे पैसे मी दिले. भाऊबीजेची ओवाळणी उलट्या दिशेने गेली, एवढेच.

घरी मी निकाल दिला: गाडी बसवायची नाही, पण पोराचे मन मोडू नये म्हणून त्याला शेडपुढे ओटा बांधू द्यावा. निकालातला हा दुसरा भाग दादाला कळला नाही. पण शिकलेल्या बहिणीचे सगळेच कळले पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो. जानेवारीत ओटा झाला.

मार्चमध्ये, ऐन हंगामात, मी मुद्दाम गेले. वहिनी ओट्यावर उभी राहून डाव्या हाताने क्रेट आत सरकवीत होती. दादा हौद्यात थर लावीत होता. खांद्याला उचलण्याचे काम कुणालाच उरले नव्हते. मी दादाला त्या जुन्या वर्षांच्या पावसाबद्दल विचारले. तो हातातला क्रेट तसाच धरून हसला आणि म्हणाला, “आज कसं आठवलं तुला?” पण मग संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना त्याने सारे सांगितले. एक वर्ष तर गारपिटीत बाग झोडपली गेली होती. त्या महिन्याचे पैसे मला दोन दिवस उशिरा आले होते, एवढेच मला आठवत होते.

निघताना वहिनी मला दारापर्यंत पोचवायला आली. हळूच म्हणाली, “वन्सं, तुमच्या भाच्याला एवढी हौस होती गाडीची. नाही म्हणालात, तो मनातून खट्टू झाला असेल. तुम्हीच त्याची समजूत काढा.”

मी “बरं” म्हटले. वहिनी दर दिवाळीला हा अंक वाचते. यंदा तो तिच्या हाती पडला, तर आता मी आणि भाचा काय सांगणार, याचाच विचार चालला आहे.