मामांच्या हातच्या भिंती

लातूरहून औशाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन लागतं. सप्टेंबर सरत आला की ते पिवळं पडतं आणि मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी तेवढ्या उठून दिसतात. माझ्या लहानपणी याच रानात हायब्रीड ज्वारी असायची, उडीद-मूग असायचे, कुठं कुठं सूर्यफूल. औसा गेलं, लामजना पाटी गेली. एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठं निघालाव?" मी म्हणालो, "सास्तूरला. मामांचं वर्षश्राद्ध आहे." त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. "गवंडी व्हय ते?" एवढंच म्हणून तो गप्प बसला. थोड्या वेळानं आपणहून म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं घर त्यांनीच बांधलंय. कमी बोलायचा माणूस."

किल्लारी आलं की नवखा प्रवासीही खिडकीतून बाहेर बघतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि या गावाचं नाव जगभर गेलं. पण त्या पहाटे तेरणा नदीच्या दोन्ही काठांवरची गावं कोसळली होती. सास्तूर, पेठ सांगवी, राजेगाव, होळी यांची नावं धाराशिव जिल्ह्याबाहेर फारशी कुणाला आठवत नाहीत. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहाऱ्यात आहे. माझं ते आजोळ.

गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. ६.२ तीव्रतेचा तो धक्का जगात इतरत्र झालेल्या काही भूकंपांपुढं मोठा नव्हता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर खडक, असं तेव्हा शास्त्रज्ञही मानत. भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. माणसं मेली ती घरांखाली. आठ-दहा हजार माणसं, आणि बहुतेक सगळी झोपेत.

ती घरं कशी होती, हे मला मामांमुळे कळलं. दोन-तीन फूट जाडीची दगडी भिंत, आतून एक थर, बाहेरून एक थर, मधल्या पोकळीत बारके दगड आणि माती. दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद: खांब, तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळा आला की गळतं म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर आणखी माती पडायची आणि डोक्यावरचं ओझं वाढत जायचं. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा कुठं नव्हता. सुट्टीत आम्ही भाचरं दुपारभर तिथं लोळायचो. मामा कामावरून आले की हातपाय धुऊन आधी आमच्या पाया पडायचे, कारण आमच्याकडे भाच्याचा मान तसा आहे. मग म्हणायचे, "जेवलाव का?" दिवसभरात त्यांचं माझ्याशी बोलणं बहुधा इतकंच.

त्या घराखाली माझी आजी गेली आणि मामांची थोरली लेक. शेजारच्या घरात धाकटा मामा आणि धाकटी मामी गेली. त्यांची दोन लेकरं वाचली. पुढचे काही दिवस पावसानं उसंत दिली नाही. सरणाची लाकडं भिजली होती. त्या दिवसांबद्दल मामांनी कधी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. आपली दोन लेकरं आणि भावाची दोन, अशी चौघं त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये वाढवायला घेतली. चौघांत फरक केला नाही, हे सांगायची गरजच पडू नये. पण मला सांगायचं आहे, कारण मी ते पाहिलं आहे. कपडे एका ताग्यातले, फी एका दिवशी, मारही सारखाच. धाकट्या मामाची मुलगी आज नर्स आहे.

सास्तूरला उतरलो. नवं गाव सरळ रेषेत वसलेलं आहे: रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, मध्ये मोकळ्या जागा. ५२ गावं अशी नव्या जागी नेली. जमिनीच्या हिशेबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. मामांच्या वाट्याला २५०चं आलं. पुढं त्यांनी स्वतःच्या हातानं मागं दोन खोल्या काढल्या. पहिली काही वर्षं मात्र गावातले कितीतरी लोक स्लॅबखाली झोपायला तयार नसायचे. आभाळाखाली बाज टाकायचे. मामीही त्यांतली.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मामेभाऊ मला जुन्या गावठाणात घेऊन गेला. वेड्या बाभळी माजल्या आहेत. एका ठिकाणी जोत्याचे चार दगड होते, तो म्हणाला, "हे आपलं." तिथं उभं राहून त्यानं मला जे सांगितलं ते मामीनंही मला कधी सांगितलं नव्हतं. ज्या भिंतीखाली त्याची बहीण गेली ती मामांनीच बांधली होती. लग्नानंतर वाढवलेली ती खोली होती. जुन्या भागातले लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, पडल्या त्या भिंती. असं अनेक घरांत झालं होतं, अभियंत्यांनी ते नंतर नोंदवलंही आहे. मामांनी ते स्वतःच्या अंगणात पाहिलं.

सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन सुरू केलं. त्यात गवंड्यांना भूकंपात टिकणारं बांधकाम शिकवायची व्यवस्था झाली. चाळिशीला आलेले मामा तिथं जाऊन बसले. वडिलांकडून शिकलेली विद्या बाजूला ठेवून त्यांनी नव्यानं धडे घेतले: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड, कोपऱ्यात सळई, जोत्याला, चौकटीवर आणि छताखाली सगळ्या घराला कमरपट्ट्यासारखी फिरणारी काँक्रीटची पट्टी. नवी गावं झाल्यावरही जिथल्या तिथं राहिलेल्या गावांत हजारो जुन्या घरांची मजबुती करायची होती. मामा सायकलवरून हिंडून ती कामं करत. ओळंबा, गुण्या, पाणसळ, थापी, सगळं एका गोणपाटात. आरपार दगड नको म्हणणाऱ्या मालकाचं काम ते घेत नसत. वाद घालत नसत. थाप्या-ओळंबा गोळा करायचे आणि सायकलला टांग मारायचे. घरात चार लेकरं खाणारी असताना हातचं काम सोडणं म्हणजे काय, हे रोजावर जगणाऱ्यालाच कळेल. मालक बहुधा दोन-चार दिवसांत बोलवायला यायचा.

दरवर्षी ३० सप्टेंबरला सास्तूरच्या स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली वाहिली जाते. गेलेल्यांचा तो हक्क आहे. मागं राहिलेल्यांनी पुढची तीस वर्षं काय केलं, किती परक्या लेकरांच्या तोंडात घास घातला, याची नोंद मात्र कुठं होत नाही. मामा त्या दिवशी स्तंभाला हात जोडून तसेच कामावर जायचे. गवंडीकामाला खाडा त्यांनी तेव्हाही केला नाही.

दुसऱ्या दिवशी पंगतीला माणसं येतच राहिली. माकणीची, राजेगावची, होळीची. हाताची बोटं चुन्या-सिमेंटनं खाल्लेले कितीतरी गवंडी होते. त्यांतले बरेच मामांच्या हाताखाली तयार झालेले. पुरणपोळी, आमटी, वर तूप. मामी प्रत्येकाच्या पानाजवळ जाऊन आग्रह करत होती. जेवणं उरकल्यावर सगळे ओसरीत टेकले. आधी मामांच्या आठवणी निघाल्या आणि बघता बघता बोलणं कामावर आलं. होळीत एका घराचा स्लॅब सोमवारी टाकायचा होता, सळई आली होती, पण मालकाला चौकटीवरची पट्टी वाचवायची होती. "मग?" मामेभावानं विचारलं. "मग काय, सामान गुंडाळून आलाव," तो पोरगा म्हणाला. दुसरा म्हणाला, "उद्या मीपण येतो, दोघं मिळून सांगू." मग सिमेंटचा भाव, परतीचा पाऊस, कुणाच्या कामावर किती बिगारी, असं चालत राहिलं. मी खांबाला टेकून ऐकत होतो. लातूरची शेवटची एसटी निघून गेली, तेव्हा मामी आतून म्हणाली, "बरं झालं. ऱ्हा की आज."